भाऊ दाजी लाड

डॉ. भाऊ दाजी लाड (जन्म : इ.स. १८२२, मांद्रे, गोवा, मृत्यू : मे १८७४, मुंबई) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे नामवंत वैद्यक व्यावसायिक, प्राच्यविद्या संशोधक, शिक्षणप्रसारक आणि सार्वजनिक कार्यकर्ते होते. त्यांचे पूर्ण नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. काही ठिकाणी ते रामचंद्र विठ्ठल लाड असे, तर जन्मवर्ष १८२४ असेही नोंदलेले आढळते. भाऊ हे त्यांचे घरगुती नाव व दाजी हे वडिलांचे. या जोडनावानेच ते देशात व परदेशात ओळखले गेले. लंडन (१८५१) व पॅरिस (१८५५) येथील जागतिक औद्योगिक प्रदर्शनांच्या निमित्ताने मुंबईत जमलेल्या वस्तुसंग्रहाला कायमचे घर मिळवून देणाऱ्या मंडळींत ते अग्रणी होते. भायखळा येथील या संग्रहालयाला १९७५ पासून त्यांचे नाव आहे.

जन्म व बालपण

भाऊ दाजींचा जन्म दक्षिण कोकणातील मांद्रे (मांजरे) या गावी झाला. हे गाव आज गोव्याच्या पेडणे तालुक्यात असून तेरेखोल नदीच्या दक्षिणेस आहे. नदीच्या उत्तरेकडील वेंगुर्ले तालुका त्या काळी व पुढे १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. गोवा, सावंतवाडी संस्थान आणि ब्रिटिशांचा रत्नागिरी जिल्हा अशा तीन सत्तांखाली विभागलेला हा किनारा भाषेने व व्यवहाराने मात्र एकच होता. पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरणे ही तेथील अनेक कुटुंबांची रीत होती. लाड कुटुंबही त्याच वाटेने मुंबईस आले.

घरची परिस्थिती बेताची होती. मातीच्या बाहुल्या व चित्रे करून विकणे हा कुटुंबाचा व्यवसाय होता. भाऊ लहानपणापासून बुद्धिबळात तरबेज होते. त्यांचा खेळ पाहून प्रभावित झालेल्या एका इंग्रज गृहस्थाने, या मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे, असा आग्रह त्यांच्या वडिलांकडे धरला आणि भाऊंच्या आयुष्याला वेगळी दिशा मिळाली.

शिक्षण

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भाऊंचे शिक्षण झाले. शिष्यवृत्त्या व बक्षिसे मिळवून त्यांनी शिक्षणाचा भार वडिलांवर पडू दिला नाही. विद्यार्थिदशेतच पितृछत्र हरपल्यामुळे आई व धाकटा भाऊ नारायण यांची जबाबदारी त्यांच्यावर आली. पुढे ते त्याच संस्थेत अध्यापक झाले. बालिकाहत्येच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले, त्यामुळे विद्वानांच्या वर्तुळात त्यांचे नाव झाले.

१८४५ साली मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अध्यापकाची स्थिर नोकरी असूनही भाऊ पुन्हा विद्यार्थी झाले आणि या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश झाला. नारायण दाजी हेही पुढे त्याच महाविद्यालयातून डॉक्टर झाले. मुंबईतील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांमध्येही नारायण दाजींची गणना होते.

वैद्यकीय कार्य

१८५१ साली भाऊ दाजींनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. अल्पावधीतच त्यांचा जम बसला आणि त्यांनी मोठी संपत्ती मिळविली. नारायण दाजींच्या साहाय्याने त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालविला. पाश्चात्त्य वैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतलेले असूनही आयुर्वेदाकडे त्यांनी पाठ फिरविली नाही. संस्कृत वैद्यकग्रंथ मुळातून वाचावेत, त्यांत सांगितलेली औषधे रुग्णांवर वापरून पाहावीत आणि गुण आला तरच ती स्वीकारावीत, अशी त्यांची पद्धत होती.

कुष्ठरोगावरील उपचार हा त्यांच्या विशेष अभ्यासाचा विषय होता. कोकणात व सह्याद्रीच्या जंगलात वाढणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल ते या रोगावर वापरीत. त्यांच्या उपचारांची कीर्ती दूरवर पसरली, परंतु औषधाची संपूर्ण कृती त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. कडू कवठ व त्याच्याच जातकुळीतील चौलमुग्रा यांची तेले पुढे जगभर कुष्ठरोगावरील प्रमुख औषध म्हणून वापरात राहिली. १९४० च्या दशकात सल्फोन वर्गातील औषधे आल्यानंतर त्यांचा वापर मागे पडला.

औद्योगिक प्रदर्शने व मुंबईचा वस्तुसंग्रह

१ मे ते १५ ऑक्टोबर १८५१ या काळात लंडनच्या हाइड पार्कमध्ये, काच व लोखंड यांच्या क्रिस्टल पॅलेस या भव्य इमारतीत पहिले मोठे आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले. सुमारे साठ लाख लोकांनी त्यास भेट दिली. कच्चा माल, यंत्रे, तयार माल आणि ललित कला असे प्रदर्शित वस्तूंचे चार मुख्य विभाग होते. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानचा स्वतंत्र विभाग उभारला होता. त्यासाठी इलाख्याइलाख्यांतून कापूस, रेशीम, धान्ये, तेलबिया, औषधी वनस्पती, लाकूड व खनिजे यांचे नमुने मागविण्यात आले. त्यांबरोबरच वस्त्रे, धातूची भांडी, कोरीव व जडावाचे काम असलेल्या वस्तूही पाठविण्यात आल्या. मुंबई इलाख्यातूनही असा संग्रह रवाना झाला.

या प्रदर्शनामागे ब्रिटिश सत्तेचा व्यापारी हेतू उघड होता. कोणत्या प्रांतात कोणता कच्चा माल निघतो आणि तेथील गिऱ्हाइकांना कोणत्या प्रकारचा माल पसंत पडतो, याची माहिती इंग्लंडमधील गिरणीमालकांना एकाच छताखाली मिळत असे. दुसरीकडे, भारतीय कारागिरांच्या हातची विणकाम, रंगकाम व धातुकाम यांतील सफाई पाहून युरोपातील कलाशिक्षक व टीकाकारही प्रभावित झाले. यंत्रावर निघालेल्या मालापेक्षा ही कलाकुसर सरस असल्याचे मत त्यांच्यापैकी अनेकांनी मांडले. ज्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांतील कापड हिंदुस्थानातील विणकरांचा धंदा बुडवीत होते, त्याच काळात ही वाहवा होत होती.

१८५५ साली पॅरिस येथे असेच प्रदर्शन भरले. त्यासाठी मुंबईत वस्तू गोळा करताना त्यांच्या दुसऱ्या प्रती येथेच ठेवून घ्याव्यात आणि त्यांतून शहरासाठी एक संग्रहालय उभे करावे, अशी कल्पना पुढे आली. प्रदर्शन काही महिन्यांनी संपते व वस्तू पांगतात. त्या स्थानिक लोकांना, व्यापाऱ्यांना व विद्यार्थ्यांना कायम पाहता याव्यात, हा त्यामागील विचार होता. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात मुंबईच्या कोट भागातील टाउन बराकीत हा संग्रह मांडण्यात आला आणि १८५७ साली तो लोकांसाठी खुला झाला. त्याची व्यवस्था प्रारंभी डॉ. जॉर्ज बुइस्ट यांच्याकडे होती. निसर्गेतिहास, अर्थव्यवहार, भूगर्भशास्त्र, उद्योग व कला असे त्याचे व्यापक क्षेत्र ठरविण्यात आले होते.

त्याच वर्षी उत्तर हिंदुस्थानात उठाव झाला. लष्कराला बराकीतील जागा हवी असल्याने संग्रह तेथून घाईघाईने हलविण्यात आला व अनेक वस्तूंची नासधूस झाली. उरलेल्या वस्तूंची जबाबदारी १८५८ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याकडे आली.

संग्रहालयाची उभारणी

नोव्हेंबर १८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपुष्टात येऊन राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. या प्रसंगाचे स्मारक म्हणून मुंबईत सार्वजनिक उद्यान व संग्रहालय उभारावे, असा प्रस्ताव जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी व बर्डवुड यांनी पुढे आणला. शंकरशेट यांच्या नेतृत्वाखाली समिती स्थापन झाली. चिटणीस या नात्याने निधी जमविणे, वस्तू मिळविणे व लोकमत अनुकूल करणे ही कामे बर्डवुड व भाऊ दाजी यांनी केली. राणीच्या गौरवाचे निमित्त पुढे केल्याने सरकारचा पाठिंबा मिळाला आणि शहरातील हिंदू, पारशी, मुसलमान व ज्यू व्यापाऱ्यांकडून वर्गण्याही मिळू शकल्या. बराकीतून बाहेर काढल्या गेलेल्या संग्रहाला यापुढे कोणाच्या सोयीसाठी हलवावे लागू नये, म्हणून स्वतंत्र इमारत आवश्यक होती.

भायखळ्याची जागा निश्चित झाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते संग्रहालयाची पायाभरणी झाली. त्याच वेळी शेजारच्या व्हिक्टोरिया उद्यानाचेही उद्घाटन करण्यात आले. शिवडी येथील कृषी-उद्यान संस्थेची बाग पुढे या उद्यानात हलविण्यात आली.

हा काळ मुंबईच्या अभूतपूर्व भरभराटीचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. हाती आलेला पैसा बँका, भराव कंपन्या व शेअरबाजार यांत गुंतविला जाऊ लागला. एप्रिल १८६५ मध्ये ते युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या सौदेपूर्तीच्या दिवशी असंख्य व्यापारी कर्जबाजारी झाले. या आपत्तीत भाऊ दाजींनी वैद्यकीय व्यवसायातून मिळविलेली संपत्तीही मोठ्या प्रमाणावर बुडाली. संग्रहालयाच्या निधीलाही फटका बसून बांधकाम रखडले. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै १८६५ रोजी, जगन्नाथ शंकरशेट यांचे निधन झाले. १८६८ साली बर्डवुड प्रकृतीच्या कारणास्तव इंग्लंडला परतले.

पुढे सरकारने खर्चाची जबाबदारी घेतल्यावर इमारत पूर्ण झाली आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी खुले करण्यात आले. मूळ प्रस्तावकांपैकी त्या वेळी केवळ भाऊ दाजीच मुंबईत होते. इमारतीचे बाह्यरूप युरोपातील अभिजात शैलीचे आहे. आत ओतीव लोखंडाचे खांब व कठडे, मिंटन फरशी आणि मध्यभागी डेव्हिड ससून यांनी दिलेला राजपुत्र अल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा आहे. संस्थेला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम हे नाव देण्यात आले. मुंबईतील हे सर्वांत जुने संग्रहालय होय.

प्राच्यविद्या संशोधन

भारताच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासात भाऊ दाजींचे स्थान महत्त्वाचे आहे. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचे अनेक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. अजिंठ्याच्या लेण्यांतील व गिरनार येथील शिलालेखांचे वाचन, कालिदासाचा काळ आणि हेमाद्रीचे चरित्र हे त्यांतील काही विषय होत. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल व भास्कराचार्य या गणित-ज्योतिषकारांच्या काळाविषयीचा त्यांचा निबंध १८६५ साली लंडनमध्ये छापला गेला. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख त्यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या नातवाने ज्योतिषग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाची माहिती त्यातून मिळाली. कालिदास म्हणजेच काश्मीरचा राजा मातृगुप्त, हे त्यांचे मत पुढील विद्वानांनी स्वीकारले नाही. तरी कोरीव लेख व ग्रंथ यांचे पुरावे एकमेकांशी ताडून काळ ठरविण्याची त्यांची पद्धत पायाभूत ठरली.

वैद्यकीय व्यवसायामुळे दीर्घ प्रवास करणे त्यांना नेहमी शक्य होत नसे. जुनागढचे तरुण अभ्यासक भगवानलाल इंद्रजी यांना त्यांनी १८६१ साली मुंबईस आणले व स्वखर्चाने देशभर पाठवून शिलालेखांचे ठसे, नाणी व हस्तलिखिते जमविली. या कामासाठी भगवानलाल नेपाळपर्यंत गेले. या साहित्याचा बराच भाग भाऊ दाजींच्या हयातीत अप्रकाशित राहिला. भगवानलाल पुढे स्वतंत्र संशोधक म्हणून ख्याती पावले. भाऊ दाजींचा हस्तलिखितसंग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जतन करण्यात आला असून त्यांचे निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८८८ साली कलकत्ता येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

शैक्षणिक व सामाजिक कार्य

१८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी स्थापन केलेल्या ज्ञानप्रसारक स्वरूपाच्या साहित्य व शास्त्र मंडळाचे ते पहिले भारतीय अध्यक्ष होते. या मंडळाने मुंबईत मुलींच्या शाळा चालविल्या. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी सातत्याने पुरस्कार केला. त्यांच्या मित्रांनी व चाहत्यांनी निधी उभारून त्यांच्या नावे मुलींची शाळा चालविण्याची व्यवस्था केली. शिक्षण मंडळाचे सदस्य म्हणून त्यांनी काम केले आणि १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या अधिछात्रांत त्यांचा समावेश होता. मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांची नाटक मंडळी मुंबईस आली, तेव्हा तिलाही त्यांचे साहाय्य लाभले.

१८६२ साली महाराज बदनामी खटला मुंबईत गाजला. वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या अनाचारावर टीका केल्याबद्दल पत्रकार करसनदास मुळजी यांच्यावर हा खटला भरण्यात आला होता. धनाढ्य समाजाचा रोष ओढवण्याची शक्यता असूनही भाऊ दाजींनी डॉक्टर या नात्याने करसनदासांच्या बाजूने न्यायालयात साक्ष दिली. करसनदास यांची मुख्य आरोपातून मुक्तता झाली.

राजकीय कार्य

२६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन ही पश्चिम भारतातील पहिली राजकीय संस्था स्थापन झाली. तिच्या स्थापनेत व कामकाजात भाऊ दाजींचा मोठा वाटा होता. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण होण्यापूर्वी या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवून कारभारातील दोष दाखविले व भारतीयांना शासनात स्थान देण्याची मागणी केली. दादाभाई नौरोजी यांनी लंडनमध्ये स्थापन केलेल्या ईस्ट इंडिया असोसिएशनची मुंबई शाखा निघण्यासही भाऊ दाजींचे परिश्रम कारणीभूत ठरले. १८६९ व १८७१ अशा दोन वर्षी त्यांची मुंबईचे शेरीफ म्हणून निवड झाली.

मृत्यू

संग्रहालय खुले झाल्यानंतर दोन वर्षांनी, मे १८७४ मध्ये, भाऊ दाजींचे मुंबई येथे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पन्नाशीच्या आसपास होते. हाती घेतलेले ऐतिहासिक संशोधन व कुष्ठरोगावरील औषधाचा अभ्यास ही दोन्ही कामे अपुरी राहिली.

वारसा

लंडन व पॅरिसनंतर व्हिएन्ना (१८७३), फिलाडेल्फिया (१८७६) आदी शहरांत मोठी औद्योगिक प्रदर्शने भरली. ब्रिटिश राजवटीने वस्तू गोळा करून मांडण्याची जी पद्धत येथे आणली, तिचा उपयोग पुढे भारतीयांनी स्वतःच्या औद्योगिक उन्नतीसाठी केला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरली. १९०४ साली मुंबईत राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाला जोडून मोठे औद्योगिक व कृषी प्रदर्शन झाले. आशियात अन्यत्रही हेच घडत होते. चीनमध्ये चिंग साम्राज्याच्या अखेरच्या काळात, १९१० साली, नानजिंग येथे जून ते नोव्हेंबर असे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले; पुढच्याच वर्षी तेथे क्रांती झाली. अशी बहुतेक प्रदर्शने मुदत संपताच उठली. मुंबईतील संग्रह मात्र शहराच्या मालकीचा होऊन टिकून राहिला.

संग्रहालयात आज धातूची व मातीची भांडी, वस्त्रे, हस्तिदंती व लाकडी कलाकाम, जुने नकाशे आणि मुंबईची जुनी छायाचित्रे आहेत. विविध जातिजमातींचे पोशाख व व्यवसाय दाखविणाऱ्या मातीच्या लहान प्रतिकृती हे त्याचे खास आकर्षण आहे. पोर्तुगीजांनी ज्यावरून घारापुरी बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो दगडी हत्ती आवारात ठेवलेला आहे. १८६४ साली बेटावरून उचलताना तो फुटला होता. १९१४ साली त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यात आले.

१ नोव्हेंबर १९७५ रोजी, भाऊ दाजींच्या मृत्यूनंतर एक शतक उलटल्यावर, संग्रहालयाचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय असे नामकरण करण्यात आले. व्हिक्टोरिया उद्यान आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखले जाते. बराच काळ दुर्लक्षित राहिलेल्या या वास्तूचा जीर्णोद्धार बृहन्मुंबई महानगरपालिका, इन्टॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने करण्यात आला. त्यास २००५ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. मुंबईतील माटुंगा भागातील एका रस्त्यालाही भाऊ दाजींचे नाव देण्यात आले आहे.